प्रकरण ७ : ‘जमणारच नाही’मधला ‘च’

व्याख्यान संपून चहा सुरू झाला की एक प्रश्न हमखास येतो. कधी पंचविशीतला मुलगा विचारतो, कधी निवृत्तीला आलेल्या बाई. शब्द इकडचे तिकडे होतात, प्रश्न तोच. “मनापासून इच्छा केली की हवं ते आपोआप आपल्याकडे येतं म्हणतात. मी तर रोज करते. मग येत का नाही?” आणि मग आवाज जरा खाली आणून, “माझ्याच मनात काही अडथळा असेल का?”

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर घोडबंदर रोडवर मिळतं. संध्याकाळी सात वाजता कापूरबावडीला बस पकडा आणि आजूबाजूचे चेहरे बघा. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा, जिथे जिथे उतरायचं आहे तिथल्या आपापल्या घराचं चित्र प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे लख्ख उभं आहे. चपला काढल्या, पंखा लावला, चहाचं आधण ठेवलं. हजारो माणसं, एकच इच्छा, एकाच वेळी, रोज, तीही अगदी पोटातून. इच्छेत ओढून आणायचं बळ असतं तर हा रस्ता सात वाजून पाच मिनिटांनी मोकळा झाला असता. ज्या बंदरावर पूर्वी घोडे उतरत, म्हणून ज्याला घोडबंदर नाव पडलं असं सांगतात, तिथे जाणाऱ्या रस्त्यावर आज गाडी घोड्याच्या चालीनंही जात नाही.

दुसरा प्रश्न मात्र अस्सल आहे. मनात अडथळे असतात. ते शोधता येतात, आणि त्यांतले बरेच हलवताही येतात. हे प्रकरण त्यांच्याबद्दल आहे.

१. अंथरूण शेवटचं कधी मोजलं होतं?

‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ हे आपण लहानपणापासून ऐकतो. सल्ला शहाणपणाचा आहे. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे अंथरूण आपण पाहिलेलं आहे. बहुतेकांनी ते एकदाच पाहिलेलं असतं, आठव्या-दहाव्या वर्षी, आणि तेही दुसऱ्याच्या डोळ्यांनी. “आमच्या घराण्यात गणित कुणालाच येत नाही.” “तू मागच्या रांगेत उभी राहा, नुसते ओठ हलव.” “आपल्यासारख्यांनी कशाला त्या भानगडीत पडायचं?” त्या दिवशी घेतलेलं माप मनात राहतं. पुढे माणूस वाढतो, कमावतो, घर घेतो, पण पाय पोटाशी घेऊनच झोपतो.

अशा जुन्या मापाला आपण या प्रकरणात ‘आखडता समज’ म्हणू. विचार येतो आणि जातो. समज म्हणजे घरात राहायला आलेला विचार, जो भाडं देत नाही आणि ज्याला जा म्हणायचं आपल्याला सुचतही नाही, कारण तो घरचाच वाटतो. ओठ हलवायला सांगितलेली मुलगी पुढे तीस वर्षं हळदीकुंकवालाही गाणं म्हणत नाही. तिला विचारलं तर ती म्हणेल, “मला आवाज नाही.” एका बाईंनी, एका संमेलनाच्या घाईत, एकदा ऐकून दिलेला तो निकाल होता, हे ती विसरलेली असते. निकाल तेवढा लक्षात असतो.

समज एकेकट्याचेच असतात असंही नाही. एखादं अख्खं गाव, अख्खी जमात एकच समज बाळगून असते. आपला सगळ्यांत प्रसिद्ध समज कोणता ते सांगायला नको: मराठी माणसाला धंदा जमतच नाही. मी हे वाक्य डोंबिवली लोकलमध्ये जितक्या वेळा ऐकलंय तितकं दुसरीकडे कुठे ऐकलेलं नाही. गंमत अशी की ही गाडी ज्या डोंबिवलीला जाते तिथे विकोचा कारखाना आहे आणि के. व्ही. पेंढरकर यांच्या नावाचं कॉलेज आहे. केशव विष्णू पेंढरकर आधी किराणा दुकानदार होते. १९५२ साली त्यांनी विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी काढली (विको हे त्याच नावाचं लघुरूप) आणि दंतमंजन दारोदार फिरून विकलं. पुढे हळदीची क्रीम आली. हळद लावली की तोंड पिवळं होणार, हे ज्या देशात लग्नाला गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, त्या देशात पिवळी क्रीम विकायची! त्या आधी, १९१० साली, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी केली होती. ही उदाहरणं लोकलमधल्या त्या माणसाला माहीत नसतात असं नाही. तो ती अपवाद म्हणून बाजूला ठेवतो. समजाची ही खास हातचलाखी आहे. बाजूचा पुरावा मोजायचा आणि विरुद्धच्या पुराव्याला अपवाद म्हणायचं.

२. एका अक्षराचा माग

समज घरचाच वाटतो तर तो ओळखायचा कसा? मराठी माणसाची इथे मोठी सोय आहे. आपल्या भाषेत समज बहुधा एका अक्षरावरून पकडता येतो. ते अक्षर म्हणजे ‘च’.

“मला इंग्रजीत बोलणं जमत नाही” आणि “मला इंग्रजीत बोलणं जमणारच नाही” ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. पहिलं आजची बातमी देतं. दुसरं उद्याचा, परवाचा आणि मरेपर्यंतचा निकाल देऊन मोकळं होतं. “लोक हसतील” ही शक्यता झाली, “लोक हसणारच” हे भविष्य. “ही नोकरी मिळायला हवी” ही इच्छा, “मिळायलाच हवी” ही अट. अट आली की तिच्या मागून धमकी येते: नाही मिळाली तर संपलंच सगळं, मी नालायकच.

सगळे ‘च’ वाईट नसतात, उगाच त्याच्यामागे हात धुवून लागू नका. ‘आजच ये’, ‘तोच तो’ हे कामाचे ‘च’ आहेत. आपल्याला हवेत ते तीनच प्रकारचे: भविष्याला चिकटलेला (होणारच, जमणारच नाही), हट्टाला चिकटलेला (पाहिजेच, मिळायलाच हवं) आणि माणसावर शिक्का मारणारा (मी बावळटच, ते तसलेच). एक दिवस स्वतःचं बोलणं ऐका. ऐकणं अवघड वाटत असेल तर व्हॉट्सॲपवर पाठवलेले संदेश वाचा. मी एकदा माझे मोजले होते. आकडा सांगणार नाही.

३. पोळीचा हिशेब

आता समज आपलं काम कसं करतो ते एका उदाहरणानं पाहू. उदाहरण कल्पित आहे, पण असं पोळीभाजी केंद्र तुमच्याही सोसायटीच्या फाटकाबाहेर असेल.

समजा, वाघबीळला एक ताई दिवसाला ३०० पोळ्या विकतात. पोळी १० रुपयांना. पीठ, तेल, गॅस, मदतीला येणाऱ्या बाईची पोळीमागची मजुरी असं सगळं धरून एका पोळीला ६ रुपये खर्च. म्हणजे पोळीमागे ४ रुपये सुटतात, दिवसाला १२०० रुपये. पिठाचे, गॅसचे भाव वाढत आलेत. पोळी १२ रुपयांना करावी असं त्यांना गेली दोन वर्षं वाटतंय. करत नाहीत, कारण “भाव वाढवला की गिऱ्हाईक तुटणारच.”

या वाक्यात ‘च’ आहे, पण आकडा नाही. तुटेल ते गिऱ्हाईक किती? तो आकडा आपण घालू. १२ रुपये भाव केला तर पोळीमागे ६ रुपये सुटतील. एकही गिऱ्हाईक गेलं नाही तर दिवसाला १८०० रुपये. चौथाई गिऱ्हाईक गेलं, २२५ पोळ्या राहिल्या, तरी १३५० रुपये. आजच्यापेक्षा दीडशे जास्त आणि ७५ पोळ्या लाटायच्या वाचल्या. आजच्याइतकेच १२०० रुपये मिळवायला किती पोळ्या खपल्या पाहिजेत? २००. म्हणजे तीनांतलं एक गिऱ्हाईक रुसून गेलं तरी ताईंचं नुकसान शून्य.

ताईंना हिशेब येत नाही असं नाही. उधारीची अख्खी वही त्यांच्या डोक्यात असते. पण ‘तुटणारच’ म्हटलं की हिशेब मांडायची गरजच वाटत नाही, निकाल आधीच लागलेला असतो. आणि पुढची कडी अशी: भाव वाढवला नाही, त्यामुळे गिऱ्हाईक तुटतं की नाही हे कधी कळलंच नाही, त्यामुळे समज खोटा ठरायची वेळच आली नाही. दोन वर्षं तो टिकला, आणि टिकला म्हणून खरा वाटू लागला. समजाची ताकद एवढीच आहे. त्याला आकाशातून कुठल्या लहरी पाठवाव्या लागत नाहीत. तो आपल्याला परीक्षेलाच बसू देत नाही, आणि मग आपण पास झालो नाही हे पुराव्यादाखल दाखवतो.

४. ठाण्याला जायचा सल्ला

समज आणि मनःस्थिती यांचं हे नातं ज्यानं अगदी घरगुती भाषेत मांडलं तो माणूस न्यूयॉर्कचा, पण त्याची शिकवण मराठीत रुजली त्यात ठाण्याचा वाटा मोठा आहे.

अल्बर्ट एलिस. जन्म १९१३. तरुणपणी मुलींशी बोलायची भयंकर भीती. मनात ‘ती नाहीच म्हणणार, आणि नाही म्हणाली तर ते सहनच होणार नाही’ हे घट्ट बसलेलं. एकोणीस वर्षांचा असताना त्यानं स्वतःलाच एक गृहपाठ दिला. घराजवळच्या ब्राँक्स भागातल्या वनस्पती उद्यानात महिनाभर जायचं आणि बाकावर एकटी बसलेली मुलगी दिसली की शेजारी बसून बोलणं सुरू करायचं. १३० जणींच्या शेजारी तो बसला. ३० उठून निघून गेल्या. उरलेल्या १०० जणींशी बोलणं झालं. त्यातली एक पुन्हा भेटायला तयार झाली, आणि ठरल्या दिवशी आलीच नाही.

हव्या त्या गोष्टीच्या दृष्टीनं निकाल शून्य. तरी एलिस ही गोष्ट आयुष्यभर मजेत सांगत राहिले, कारण त्यांची भीती त्या महिन्यात गेली. कुणी पोलिसांना बोलावलं नव्हतं. आभाळ कोसळलं नव्हतं. नकार मिळतो, हे खरं निघालं. तो सहनच होत नाही, हे खोटं निघालं. ‘च’वाला भाग तेवढा गळून पडला.

पुढे मानसशास्त्रज्ञ झाल्यावर, १९५५च्या सुमारास, त्यांनी यातून उपचारपद्धती उभी केली. मराठीत तिला विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणतात. तिचा गाभा तीन खणांत मावतो: घटना, समज, परिणाम. आपण म्हणतो, साहेब रागावले (घटना) म्हणून माझा दिवस गेला (परिणाम). एलिस म्हणतात, मधला खण उघडा. ‘साहेबांनी माझ्यावर कधी रागवताच कामा नये’ असं काहीतरी तिथे सापडेल. घटना बदलणं बहुधा आपल्या हातात नसतं. मधल्या खणात हात घालता येतो.

मुंबईत डॉ. कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार ठेवला आणि ही पद्धत इथल्या लोकांना शिकवली. अंजली जोशी यांनी ‘मी अल्बर्ट एलिस’ ही चरित्रात्मक कादंबरी लिहिली. आणि ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये मानसिक आरोग्यासाठी आयपीएच ही संस्था सुरू केली. त्यांचं ‘स्वभाव-विभाव’ हे पुस्तक याच विचारावर आहे. घोडबंदर रोडवरून आत वळलं की काशिनाथ घाणेकर नाट्यगृह लागतं. तिथे या संस्थेच्या ‘वेध’ परिषदेला शाळकरी मुलं आणि पालक सभागृह भरून बसलेले मी पाहिले आहेत. मला त्यात एक वेगळीच मौज वाटते. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१चं. आमच्या लहानपणी कुणी विचित्र वागलं की “याला ठाण्याला पाठवा” असं म्हणायची पद्धत होती. त्याच ठाण्याला माणसं आता आपण होऊन, तिकीट काढून, मनाबद्दल ऐकायला जातात. समज बदलतो तो असा, पण त्याला शंभर वर्षं लागतात कधीकधी.

५. कल्याणच्या यमूचे सहा प्रश्न

मधल्या खणात हात घालायचा म्हणजे नक्की काय करायचं? याचा मला माहीत असलेला सर्वांत देखणा नमुना एलिस यांच्या जन्माआधी तीस वर्षांचा आहे, आणि तो कल्याणच्या मुलीचा आहे.

कल्याणच्या जोशांची यमू, १८६५ सालची. नवव्या वर्षी लग्न होऊन ती आनंदीबाई झाली. नवरा गोपाळराव, टपाल खात्यात नोकरीला. बायकोनं शिकलंच पाहिजे हा गोपाळरावांचा ‘च’ इतका कडक होता की त्यापायी ते तिला मारतही. या माणसाचे आभार मानावेत की राग धरावा हे मला अजून ठरवता आलेलं नाही. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. आपण डॉक्टर व्हायचं हा विचार त्यानंतर पक्का होत गेला.

१८८३च्या २४ फेब्रुवारीला, अठरावं सरायच्या आत, त्या श्रीरामपूरला (बंगालमधलं, कलकत्त्याजवळचं) कॉलेजच्या सभागृहात उभ्या राहिल्या आणि अमेरिकेला का जाणार हे लोकांना इंग्रजीतून सांगितलं. भाषणाची रचना बघण्यासारखी आहे. लोक जे काही बोलत होते, रस्त्यात, टपाल कचेरीत, शेजारी, त्याचे त्यांनी सहा प्रश्न केले. अमेरिकेला कशासाठी? इथे शिकायची सोय नाही का? एकटीच का? परत आल्यावर वाळीत टाकणार नाहीत का? तिकडे काही संकट आलं तर? आणि शेवटचा, सर्वांत जड: जे आजवर कुठल्या बाईनं केलं नाही ते मीच का करावं?

त्या जागी दुसरं कुणी असतं तर हे सहाही प्रश्न ‘च’ लावून ऐकले असते. वाळीत टाकणारच. संकट येणारच. बायकांचं हे कामच नाही. आनंदीबाईंनी तसं केलं नाही. त्यांनी प्रत्येक वाक्याची चौकशी केली. वाळीत टाकण्याचंच घ्या. कशासाठी टाकतील? आचार सोडला तर. मग मी तिकडे इथल्यासारखीच राहीन, आहार-पेहराव बदलणार नाही. त्यावरही टाकायचं असेल तर त्याला परत येईपर्यंत थांबायचं कारण काय, आत्ताच टाका. संकटाचं उत्तरही तसंच: संकट घरी बसलेल्यालाही गाठतं. घाबरवणाऱ्या वाक्यातलं खरं किती आणि फुगवलेलं किती, हे त्यांनी भर सभेत वेगळं करून दाखवलं.

आता ‘हवं ते आपल्याकडे खेचून आणण्या’बद्दल. न्यू जर्सीमधल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई १८८० मध्ये दातांच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघत बसल्या होत्या. हाताला लागलेलं मिशनरी मासिक चाळताना त्यांना हिंदुस्थानातल्या एका जोडप्याबद्दलचा पत्रव्यवहार दिसला, आणि त्यांनी आपण होऊन आनंदीबाईंना पत्र लिहिलं. पुढे आनंदीबाई अमेरिकेत त्यांच्याच घरी उतरल्या. विश्वानं हाक ऐकली म्हणायला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही. फक्त एक तपशील सांगायचा राहतो. तो पत्रव्यवहार मासिकात आला कसा? गोपाळरावांनी कोल्हापूरहून वाइल्डर या मिशनऱ्याला मदतीसाठी पत्र लिहिलं होतं. त्याचं उत्तर नकाराचं होतं, ख्रिस्ती व्हा असा सल्ला देणारं. तो सगळा व्यवहार वाइल्डरनं छापला. म्हणजे चमत्काराच्या आधी एक पत्र टपालात पडलेलं होतं, आणि त्यावर आलेला एक स्पष्ट नकार पचवलेला होता.

६. मिळणारच आणि मिळवणारच

इथे ‘आकर्षणा’चा सिद्धांत सांगणाऱ्या पुस्तकांकडे वळू. हा माल नवा नाही. नेपोलियन हिल यांचं ‘थिंक अँड ग्रो रिच’ १९३७चं, ऱ्होंडा बर्न यांचं ‘द सीक्रेट’ २००६चं. आज त्याचेच तुकडे तीस सेकंदांच्या रीलमध्ये मिळतात. आधी त्यांच्या बाजूनं बोलतो. ‘जमणारच नाही’मध्ये अडकलेल्या माणसाला, जमू शकतं असं कुणीतरी ठासून सांगणं याची किंमत मोठी आहे. पण ही पुस्तकं ‘जमणारच नाही’ काढून त्या जागी ‘मिळणारच’ बसवतात. खुंटी बदलत नाही, तिच्यावरचा सदरा बदलतो.

जर्मनीत गॅब्रिएल ओटिंजेन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. डोरिस मायर यांच्याबरोबरचा त्यांचा २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांचा आहे. मनपसंत नोकरी लागल्याची गोड चित्रं ज्यांनी जास्त रंगवली, त्यांनी दोन वर्षांत अर्ज कमी पाठवले, त्यांना नोकरीचे देकार कमी आले आणि पगारही कमी मिळाला. का? मनात जेवण झालं की चुलीपर्यंत जायची भूक राहत नाही, असं मी त्याचं भाषांतर करतो. उलट, आधीच्या अनुभवाच्या आधारानं ‘मला नोकरी मिळण्याची शक्यता बरी आहे’ असा अंदाज बांधणारे पुढे गेले. स्वप्नरंजन वेगळं, अंदाज वेगळा. ओटिंजेन यांचा सल्ला असा की इच्छेचं चित्र जरूर रंगवा, पण लगेच त्याच्या शेजारी वाटेतला अडथळा रंगवा, आणि तो आला की काय करायचं तेही ठरवून ठेवा.

एक वाचक इथे हमखास हात वर करतात. टिळकांच्या स्वराज्याबद्दलच्या त्या सुप्रसिद्ध वाक्यात ‘च’ नाही का? आहे. पण त्या वाक्यातलं क्रियापद नीट बघा. टिळक ‘मिळवणारच’ म्हणाले, ‘मिळणारच’ म्हणाले नाहीत. मधला एक ‘व’ सगळा फरक करतो. मिळणं जगाच्या हातात असतं, मिळवायला निघणं माझ्या. ‘मिळणारच’ म्हणणारा दाराकडे डोळे लावून बसतो. ‘मिळवणारच’ म्हणणारे १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात बसून ग्रंथ लिहितात आणि १९२० मध्ये, स्वराज्य न बघता, जातात.

७. भिंत असेल तर

सगळ्या मर्यादा मनातल्या असतात, हेही एक ‘च’वालं वाक्य आहे आणि ते क्रूर आहे. त्याचा अर्थ असा होतो की गरीब आहेस कारण गरिबीचा विचार करतोस, आजारी आहेस कारण मनात आजार आहे. आनंदीबाई ११ मार्च १८८६ला फिलाडेल्फियात एम.डी. झाल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातली नेमणूक त्यांची वाट बघत होती. २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात क्षयानं त्यांचं निधन झालं, बाविसावं पुरं व्हायच्या आत. क्षयाचा जंतू कॉखनं १८८२ मध्येच दाखवला होता, पण त्यावरचं पहिलं खरं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला १९४३ उजाडलं. आनंदीबाईंच्या मनात काही कमी होतं असं म्हणायची कुणाची हिंमत आहे?

तेव्हा समज कोणता आणि भिंत कोणती हे आधी बघावं लागतं. येऊरच्या पाड्यावरच्या मुलीला कॉलेज ‘जमत नाही’, यात समज किती आणि बसभाडं किती? भाड्याची सोय करून बघितल्याशिवाय तिला आत्मविश्वासावर व्याख्यान देऊ नये. मी ओळखायला एक साधा प्रश्न वापरतो: अगदी माझ्याच परिस्थितीतल्या कुणाला हे जमलंय का? एखाद्याला जरी जमलं असेल तर भिंतीला दार असायची शक्यता आहे. कुणालाच जमलं नसेल तर ती बहुधा भिंत आहे, आणि भिंतीला एकट्यानं डोकं आपटण्यापेक्षा चारजण मिळून पहार घेणं बरं. टँकरचं पाणी हा प्रश्न सकारात्मक विचारानं सुटत नाही. तो महापालिकेत अर्ज देऊन, चकरा मारून, सोसायट्या एकत्र येऊन सुटला तर सुटतो.

आणि एक. महिनोन् महिने झोप उडालेली असेल, कशातच जीव रमत नसेल, जगूच नये असं वाटत असेल, तर तो आखडता समज नाही. त्याला डॉक्टर लागतो, पुस्तक पुरत नाही.

८. करून बघायचं तर

वही घ्या. जे हवं आहे ते एका ओळीत लिहा. त्याखाली, ते का होणार नाही ते मनात येईल तसं लिहून काढा, सभ्य करू नका. मग ‘च’ दिसेल तिथे गोल करा. सगळ्यांत जाड गोल ज्या वाक्याला पडेल ते एकच वाक्य आज घ्यायचं, बाकीची राहू द्या.

त्या वाक्याला आनंदीबाईंसारखे प्रश्न विचारा. हे मला प्रथम कुणी सांगितलं, आणि त्याला किती माहिती होती? ‘होणारच’ म्हणजे दहातून किती वेळा? झालंच तर नेमकं काय होईल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी काय करीन? मग तेच वाक्य ‘च’ काढून पुन्हा लिहा. ‘भाव वाढवला तर काही गिऱ्हाईक तुटेल. शंभर पोळ्यांपर्यंत तुटलं तरी चालेल.’ हे वाक्य पहिल्यासारखं रुबाबदार नाही. छातीवर हात ठेवून म्हणायलाही ते बरं दिसणार नाही. पण त्याच्याबरोबर काहीतरी करता येतं.

करायचं ते लहान हवं. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं १९७७ मध्ये मांडलं की ‘मला हे जमू शकतं’ हा भरवसा कुणाच्या भाषणापेक्षा स्वतःच्या हातून झालेल्या छोट्या यशातून जास्त पक्का येतो. म्हणून पोळीवाल्या ताईंनी थेट दुसरं दुकान काढू नये. येत्या एक तारखेपासून १२ रुपये भाव लावावा आणि पंधरा दिवस रोज रात्री खपलेल्या पोळ्या वहीत लिहाव्यात. पहिले दोन-तीन दिवस कुणीतरी कुरकुरेल, त्याचा आवाज उरलेल्या गिऱ्हाइकांपेक्षा मोठा वाटेल, म्हणून आवाज लिहायचा नाही, पोळ्या लिहायच्या. आकडा २००च्या खाली जाऊन तिथेच राहिला तर भाव पुन्हा १० करायचा. त्यासाठी नव्या भावाची पाटी खडूनं लिहावी, ऑइलपेंटनं नको.